सुखदेव मुकादमाची गणती

मोटरसायकल माझी, चालवणारा मी, आणि नाव मात्र मागे बसणाऱ्याचं, असं माझ्या आयुष्यात काही वर्षं चाललं. मागे बसणारा म्हणजे सुखदेव थूल, बांधकाम खात्याचा रस्त्यावरचा मुकादम. समुद्रपूरहून गिरडकडे निघालो की वाटेत भेटणारा प्रत्येक बंडीवाला आधी मागच्या सीटकडे बघून हात वर करायचा. "जयभीम मुकादम", "रामराम मुकादम". मग जमलंच तर माझ्याकडे बघायचा. मी समुद्रपूरच्या शाळेत गणिताचा मास्तर होतो. बारा वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली होती, पण रस्त्यात त्यांनासुद्धा पहिला मुकादमच दिसायचा.

हे मी कुरकुरत लिहितो आहे, हे मला कळतं. सुखदेवबद्दल मला दुसऱ्या सुरात लिहिता येत नाही. तो मला आवडायचा आणि मला त्याचा हेवा वाटायचा. दोन्ही एकाच वेळी, आणि हेवा थोडा जास्तच.

दिसायला त्याच्यात काही नव्हतं. बेताची उंची, रापलेला रंग, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरची चप्पल. रस्ते तुडवून तुडवून पावलं मात्र रुंद झालेली. छप्पन साली त्याचा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि आल्याबरोबर त्याने या चौदा वर्षांच्या घोड्याला शाळेत नेऊन पहिलीत बसवलं. सुखदेव चौथीपर्यंत टिकला. पोरं हसायची, हा मागच्या भिंतीला टेकून गिरवत राहायचा. त्यामुळे असेल, पण लिहिलेल्या अक्षराबद्दल त्याला विलक्षण आदर होता. रस्त्यावर पडलेल्या कागदाला तो पाय लागू देत नसे. मराठी असला तर तिथेच उभा राहून वाचायचा. इंग्रजी असला तर घडी करून खिशात घालायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे आणायचा. "मास्तर, यात काय लिहेल हाय?" बहुतेक वेळा ते खोकल्याच्या औषधाचं वेष्टन असायचं. मी वाचून दाखवायचो आणि तो पूर्ण ऐकायचा, अगदी बाटली हलवून घ्यावी इथपर्यंत. आमच्या मैत्रीत मला वरचढपणा वाटावा अशा दोनच जागा होत्या. एक गाडी, आणि दुसरं हे वाचून दाखवणं.

आता त्याच्या गणतीचं सांगतो. त्या काळी आमच्या भागात रस्ता बसवायला प्रत्येक ठिकाणी रोलर येत नसे. गिट्टी अंथरायची, वर मुरूम, वर पाणी, आणि मग आठ-दहा माणसांनी ओळीत उभं राहून लोखंडी धुम्मस उचलून आपटायचे. सगळे धुम्मस एकदम पडले तरच रस्ता सारखा बसतो. त्यासाठी मुकादम बाजूला उभा राहून गणती देतो. 'हूं' म्हटलं की उचलायचा, आकडा म्हटला की सोडायचा. हूं एक, हूं दोन, हूं तीन. सुखदेव तीसपर्यंत जायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. त्याचे तीस आकडे म्हणजे एक मिनिट, ना पुढे ना मागे. पंधरा वर्षं रोज हेच केल्यामुळे ती गणती त्याच्या अंगात मुरली होती. तो बोलत असो, भाकर खात असो, बिडी ओढत असो, आत कुठेतरी धुम्मस पडत असायचे.

हे मला कळलं ते आमच्या पहिल्या फेरीत. गाडी मी जुनी घेतली होती आणि तिचा मीटर घेतल्या दिवसापासून बंद होता. गिरडला एका पालकाकडे निघालो होतो. नाल्याच्या पुलापाशी या माणसाने हात केला म्हणून बसवून घेतलं. गिरडच्या टेकडीखाली उतरला, दुपट्टा झटकला आणि म्हणाला, "अठरा मिनटं झाले मास्तर. पुलाच्या उतारावर तेवढी तुमी पन्नासनं पळवली, बाकी चाळीसच." माझ्या हातात सासऱ्यांनी लग्नात दिलेलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं. पुलापासून अठरा मिनिटं झाली होती. वेगाचं कसं कळलं, असं मी विचारलं. रस्त्याकडेला दर दोनशे मीटरवर खात्याचा एक बुटका दगड असतो. दोन दगडांत नऊ आकडे झाले की गाडी चाळीसने चालली आहे, इतकं सरळ उत्तर त्याने दिलं. मी मनातल्या मनात गणित करून पाहिलं. बरोबर होतं. मी म्हणालो, अंदाज बरा आहे तुझा. तो म्हणाला, "अंदाज नाई जी, गणती हाय." तिथेच मला पहिल्यांदा कुठेतरी टोचलं.

मग तो घरी यायला लागला. आईने पहिल्या दिवशी त्याला चहा वेगळ्या कपात दिला, कान तुटलेल्या. त्याने चहा घेतला, कप विसळला आणि ओट्याच्या कडेला उपडा घातला. असं दोनेक महिने चाललं. मग एका दिवशी माझ्या बायकोने, कुसुमने, तो कप रॉकेलचा काकडा ठेवायला घेतला आणि सुखदेवचा चहा आमच्या कपांतून यायला लागला. आईने दोन दिवस तोंड फुगवलं. कान तुटलेला कप आला तेव्हा मी काही बोललो नव्हतो आणि तो गेला तेव्हाही काही बोललो नाही. ही माझी जुनी खोड आहे आणि या गोष्टीत ती पुढेही येणार आहे.

कुसुमचं आणि त्याचं फार जमलं. तो पडवीत बसून माझ्याशी बोलता बोलता मध्येच स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचा, "वहिनी, दूध आलं पाहा." आणि दूध खरंच त्या क्षणी कडेला आलेलं असायचं. तिने दूध कधी चुलीवर ठेवलं, ते याने आवाजावरून हेरलेलं असे आणि तिथून त्याची गणती चालू. कुसुम हसत हसत पातेलं उतरवायची. ती तशी फार हसणारी बाई नव्हती. निदान माझ्यापाशी नव्हती.

शाळेतही तेच. क्रीडास्पर्धांसाठी मैदानावर शंभर मीटरची रेघ आखायची होती. मुख्याध्यापकांनी मला सांगायचं सोडून मुकादमाला बोलावलं. त्याने फक्कीची पाटी काखेत धरली, पावलं टाकत गेला आणि शेवटी चप्पल टेकवून म्हणाला, इथं. मी टेप काढला. सगळ्या वर्गांसमोर काढला. चार बोटांचा फरक निघाला आणि मला कोण आनंद झाला. सुखदेवने नुसतं वाकून पाहिलं आणि टेप मध्ये ढिला पडला आहे असं म्हणाला. ताणून धरला तर फक्कीच्या रेघेवर आला. दुसऱ्या दिवशी मी सातवीला काळ-काम-वेग शिकवत होतो. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मुकादमकाकाले वही नाई लागत, मंग आपल्याले काऊन लागते?" सगळा वर्ग हसला. मी त्यांना वीस गणितं घरी करायला दिली.

जबलपूरच्या रॅलीची जाहिरात नागपूरच्या पेपरात आली ती या सगळ्यानंतर, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा. तिथल्या एका मोटर क्लबाने नाताळच्या सुट्टीत मोटरसायकलींची रॅली ठेवली होती. ही कोण पुढे पळतो याची शर्यत नव्हती. प्रत्येक टप्प्याला एक वेग ठरवून दिलेला असतो आणि त्या वेगाने जितक्या वेळात पोचायला हवं, बरोबर तितक्याच वेळात पोचायचं. उशीर झाला तर गुण कापतात आणि लवकर पोचलात तरी कापतात. वेळ नोंदणारे नाके वाटेत कुठे लावले आहेत ते सांगत नाहीत. गाडीवर दोघं लागतात, एक चालवणारा आणि एक हिशेब ठेवणारा.

पहिल्या येणाऱ्या जोडीला चषक होता आणि मला तो हवा होता. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात तो ठेवावा, खाली माझं नाव असावं आणि सातवीच्या त्या मुलीने रोज येता-जाता ते वाचावं, इतपत माझी स्वप्नं पोचली होती. मी आधी बँकेच्या कॅशियरला विचारलं. तो नाही म्हणाला. मग आमच्या ड्रॉइंग मास्तरांना विचारलं. त्यांना पाठीचा त्रास होता. सुखदेवला मी शेवटी विचारलं, आणि तेही जिंकायचं असेल तर हाच हवा हे पहिल्या दिवसापासून माहीत असताना. तो म्हणाला, "दुसऱ्या राज्याची सडक पाहाले भेटन. चला."

थंडीत पहाटे निघालो. जाम, मग नागपूर, मग शिवनीचा रस्ता. वाटेत आम्ही खुणा ठरवल्या. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे वाढवा, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे कमी करा, दोन्ही खांद्यांवर एकदम हात म्हणजे बरोबर चाललं आहे. कुरईच्या घाटात सागाचं जंगल, दोन्ही बाजूंनी ऊन खाली झिरपतंय, आणि हा मागून रस्त्याचीच तारीफ करतोय. पाण्याला वाट कशी दिली आहे, वळणाची बाहेरची बाजू कशी उचलून घेतली आहे. शिवनीच्या अलीकडे तिथल्या खात्याची माणसं गड्डे बुजवत होती. सुखदेवने गाडी थांबवायला लावली, उतरला, पाच मिनिटांत त्यांच्यात बसला. त्यांच्या मुकादमाने त्याला पेरू दिले आणि त्याची गणती ऐकून घेतली. मी गाडीपाशी उभा होतो. इतक्या लांबवर गाडी कोणी चालवत आणली, हे एकानेही विचारलं नाही. मग सुखदेवने त्यातला सगळ्यात मोठा पेरू मला आणून दिला आणि मी तो खाल्ला.

रॅलीला पंचवीस-तीस गाड्या होत्या. छावणीतले तरुण अधिकारी, कारखान्यातले इंजिनिअर, डोक्यावर हेल्मेट, मनगटावर सेकंद दाखवणारी घड्याळं, टाकीवर चकचकीत मीटर. सुखदेवची खाकी चड्डी पाहून दोघं-तिघं हसले. कार्ड इंग्रजीत छापलेलं होतं. निघायच्या आधी एक मिनिट ते हातात मिळायचं. मी वेग वाचून सांगायचा, कार्ड टाकीवर रबराने अडकवायचं, आणि निशाण पडलं की मागून 'हूं एक' सुरू.

पहिल्या टप्प्यात आमची दहा सेकंदं चुकली. दुसऱ्यात एकही नाही. नाक्यावरच्या माणसाने आपलं घड्याळ कानाला लावून पाहिलं. चहाच्या सुट्टीत भोंग्यावरून सांगितलं की वर्धा जिल्ह्यातून आलेली जोडी, म्हणजे आम्ही, सगळ्यांच्या पुढे आहे. मग जी गर्दी जमली ती सुखदेवभोवती. सकाळी हसलेले ते तरुणही आले. त्याने त्यांना हात हलवून धुम्मस कसा उचलायचा ते दाखवलं. एक फोटोग्राफर आला. मी शर्ट खोचून गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिलो. तो म्हणाला, "भाईसाहब, आप ज़रा बाजू हो जाइए, मुझे इनका अकेले का लेना है।"

मी बाजूला झालो. माझ्या स्वतःच्या गाडीपासून बाजूला झालो.

तिसऱ्या टप्प्याचं कार्ड हातात आलं तेव्हा माझे कान तापलेले होते. वरच्या ओळीत चाळीस होतं. मी "चाळीस" म्हणालो, कार्ड अडकवलं आणि निघालो. तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पंधरा-वीस मिनिटं गेली. सुखदेव दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बरोबर असल्याचं सांगत होता. समोर जंगल खात्याचा नाका दिसला आणि माझी नजर कार्डावर गेली. खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ होती. जंगल नाक्यापासून शेवटपर्यंत तीस.

नाका मागे पडला. सांगायला दोन शब्द लागले असते. 'आता तीस', बस. मी तोंड उघडलं होतं. मागून त्याची गणती ऐकू येत होती, शांत, एकसारखी. फोटोग्राफरचं ते 'अकेले का' अजून कानात होतं. मला वाटलं, एकदा चुकू दे. जगात एकदा तरी या माणसाचं काहीतरी चुकू दे. मी तोंड मिटलं. पुढचा दगड गेला, त्याच्या पुढचा गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर इतका वेळ का नाही सांगितलं असं तो विचारील. मग सांगणं राहूनच गेलं. मागून दोन्ही खांद्यांवर त्याचे हात पडत होते. बरोबर चाललं आहे मास्तर, बरोबर चाललं आहे.

शेवटच्या नाक्यावरच्या माणसाने वही पाहिली आणि म्हणाला, चार मिनिटं लवकर. चार मिनिटं म्हणजे आम्ही थेट अकराव्या नंबरावर. सुखदेव गाडीवरून उतरला नाही. तसाच बसून राहिला, दोन्ही तळवे मांड्यांवर. मग हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, कार्डावर चाळीसच होतं नं?"

"चाळीस होतं," मी म्हणालो. वरच्या ओळीत चाळीसच होतं.

"मंग माहीच गणती चुकली," तो म्हणाला. "लिहेल हाय थे तं चुकन नाई."

कार्ड मी रबरातून काढून खिशात घातलं. मंडपात जाऊन सुखदेवने क्लबाच्या साहेबांपुढे हात जोडले. "मेरी गणती चुक गई साब। गाडी तो मास्तरने बराबर चलाई।" साहेब भला माणूस, त्याने पाठीवर हात ठेवला. जेवणं व्हायची होती, पण मी घाई करून त्याला तिथून काढलं. तीसच्या पट्ट्याबद्दल कोणी बोलेल याची मला धास्ती होती.

परतताना तो मागे नीट बसला होता, पण खांद्यावर एकदाही हात आला नाही. कुरईच्या घाटात मला ती शांतता सहन होईना. किती वाजले असतील रे, असं मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, "तुमच्यापाशी घडी हाय नं. पाहा." घड्याळात पाहायला मी गाडी थांबवली नाही.

गावात त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. मास्तरनं गाडी झकास चालवली, मीच हारवलं. चहाच्या टपरीवर लोक त्याची थट्टा करायचे. कोणी रस्त्यात विचारायचं, मुकादम, जामले किती दगड, आणि डोळा मारायचं. शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी माझ्या गाडी चालवण्याचं कौतुक केलं. भाग घेतल्याचं एक प्रमाणपत्र आलं होतं, ते मी फ्रेम करून पडवीत लावलं. सातवीच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि पहिले काही दिवस, लपवून काय करायचं, मला बरं वाटलं.

महिन्याभराने सुखदेवने चावीचं घड्याळ घेतलं. धुम्मस चालू असताना तो आकडा म्हणण्याआधी घड्याळाकडे बघायचा आणि ठेका तुटायचा. एक धुम्मस आधी पडायचा, दुसरा मागून. माणसं वैतागायची. कोणी गिरड किती लांब म्हणून विचारलं तर म्हणायचा, "दगड पाह्यजो." मैदानावर रेघ आखायला पुन्हा बोलावलं तेव्हा टेप घेऊन आला. आणि एका सकाळी पडवीत माझ्याशी बोलत बसलेला असताना आत दूध उतू गेलं. जळल्याचा वास आला तेव्हा दोघांनाही कळलं. कुसुम बाहेर आली. त्याने मान खाली घातली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे आणि मग माझ्याकडे, आणि आत जाऊन चूल पुसायला लागली.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटायचं, माझा हेवा आता तरी संपेल, हेवा करण्यासारखं त्याच्यापाशी राहिलंच काय. पण तो संपला नाही. लोक थट्टा करायचे आणि हा त्यांच्यात बसून हसायचा. माझी अशी थट्टा झाली असती तर मी बदली मागितली असती. मला त्याच्या त्या हसण्याचाही हेवा वाटायचा. अशी आठ वर्षं गेली.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचीच बदली झाली, घाडग्यांच्या कारंज्याला, अमरावतीच्या हायवेवर. निरोप घ्यायला घरी आला, हातात एक पिशवी. चहा झाला. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणाली, जामपर्यंत सोडून या त्यांना. मी गाडी काढायच्या आधी आत गेलो आणि लॉगटेबलच्या पुस्तकात ठेवलेलं कार्ड खिशात घातलं. तोपर्यंत सांगायचं ठरवलं होतं असं नाही. नुसतं खिशात घातलं.

जामच्या अलीकडे एक लांब चढ आहे. तो सुरू होण्याआधी रस्त्याकडेला कडुलिंब आहे. तिथे मी गाडी थांबवली. त्याला वाटलं, पेट्रोल संपलं. मी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, उलटसुलट पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. मग नेहमीसारखं माझ्याकडे परत केलं.

"काय लिहेल हाय, वाचून दाखवा."

मी वाचलं. आठ वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं तसं, मोठ्याने, दोन्ही ओळी. सुरुवातीपासून जंगल नाक्यापर्यंत चाळीस. जंगल नाक्यापासून शेवटपर्यंत तीस.

त्याने डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. ओठही हलत होते. त्या रस्त्यावरून तो एकदाच गेला होता, आठ वर्षांपूर्वी, आणि आता पुन्हा तिथून चालला होता हे मला दिसत होतं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"नाक्यापासून चाळीस दगड होते," तो म्हणाला. "चाळीसनं नऊ आकडे, तीसनं बारा. दर दगडाले तीन कमी मोजले म्या. चाळीस दगडाले एकशेवीस." तो थांबला. "म्हंजे बरोबर चार मिनटं. एक आकडा इकडं तिकडं नाई."

मी मान हलवली.

"तुमाले कवा कळलं?"

"नाक्यावरच," मी म्हणालो.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

मी म्हणालो, तुझा हेवा वाटत होता. हे एवढं वाक्य बोलायला मला आठ वर्षं लागली होती आणि बोलल्यावर ते फार लहान वाटलं. त्याला ते कळेना. त्याने ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. 'माहा?' मग त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं, माझ्या मनगटाकडे, माझ्या हातातल्या कार्डाकडे.

"गाडी तुमची. घडी तुमची. इंग्रजी तुमची. माह्यापाशी तं एवढं एकच होतं, मास्तर."

तो रागावला असता, शिवी दिली असती, तर मला सोपं गेलं असतं. त्याने पिशवी खांद्याला लावली. मी गाडीला किक मारली आणि बस म्हणालो. त्याने मान हलवली. जामपर्यंत पायी जातो म्हणाला, एसटीला वेळ आहे. मी गाडी बंद केली. त्याने चढाकडे पाहिलं. वर, जिथे रस्ता पलीकडे उतरतो, तिथे एक दगड पांढरा दिसत होता. मधे आणखी दोन. सुखदेवने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या वरच्या दगडाले सात मिनटं लागन. पाहून घ्या."

आणि तो चालायला लागला. दहा-बारा पावलं गेल्यावर मला ऐकू आलं. हूं एक. हूं दोन. आधी घोगरं, मग मोकळं. मग अंतर वाढलं आणि आवाज ऐकू येईना, पण त्याची मान आकड्याला किंचित खाली जाते ती खूण मला मागूनही कळत होती.

मी सासऱ्यांचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभा होतो. पहिला दगड त्याने पार केला. दुसरा केला. ऊन चढावर पसरलं होतं आणि तो त्यात लहान लहान होत चालला होता. पाच मिनिटं झाली. सहा झाली. आणि खरं सांगायचं तर, इतकं होऊनही, माझ्या मनात एका कोपऱ्यात तेच आलं. चुकू दे.

तो दगडापाशी पोचला. थांबला नाही, मागे वळला नाही, फक्त टायरची चप्पल दगडाला लावली आणि डावा हात वर केला. मग पलीकडच्या उतारावर आधी पाय दिसेनासे झाले, मग पिशवी, मग दुपट्टा.

माझ्या घड्याळात सात मिनिटं आणि दोन सेकंदं झाली होती. ती दोन सेकंदं माझ्या घड्याळाची असणार.